पाणी चांगलं, पण नळी कसली?

 

पाण्याविषयी आपण बायका खूप बोलतो. नळ कधी येणार, टँकर किती वाजता येणार, विहिरीला किती पाणी राहिलं, हंडे किती भरायचे. पण एक गोष्ट बोलण्यात येतच नाही. नळापासून किंवा टँकरपासून आपल्या पिंपापर्यंत पाणी ज्या नळीतून येतं, ती नळी कसली आहे? आज आम्ही त्या नळीविषयी बोलणार आहोत.

आपल्या नाशिक जिल्ह्यात नळीवाचून कुणाचं चालत नाही. येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नर या बाजूला उन्हाळ्यात टँकर चालतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यात पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी पायपीट. मनमाडसारख्या शहरात तर कित्येक दिवसांच्या अंतराने नळाला पाणी यायचं, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जिथे पाणी रोज येत नाही, तिथे ते साठवावं लागतं. साठवायचं म्हणजे नळाला किंवा टँकरला नळी जोडून पिंप, टाकी, ड्रम भरून ठेवायचे. म्हणून ज्या घरात पाण्याचा तुटवडा जास्त, त्या घरातलं पिण्याचं पाणी नळीतून जास्त येतं.

आता घरातल्या नळ्या आठवा. एक असते हिरवी किंवा रंगीत मऊ नळी, दुकानदार तिला गार्डन पाइप म्हणतो. ती झाडांना पाणी घालायला, गोठा धुवायला, मोटरसायकल धुवायला. दुसरी जाळीदार, आत दोऱ्याचं विणकाम दिसतं ती. तिसरी गुंडाळी करता येणारी चपटी, तिला आपण लपेटा म्हणतो. चौथी फवारणीच्या पंपाची. आणि पाचवी ठिबकची काळी उपनळी. या पाचांपैकी जी हाताला लागेल ती आपण नळाला लावतो. पाणी आलेलं असतं, घाई असते, शेजारीण मागे उभी असते.

या मऊ नळ्या बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. बोअरचा किंवा भिंतीतला पाइप असतो ना, तसं. त्याला वाकवता यावं म्हणून त्यात मऊ करणारी तेलकट रसायनं मिसळतात. मऊ नळीत या रसायनांचा वाटा वजनाच्या जवळपास एक तृतीयांश असू शकतो. नवी नळी उघडली की नाकाला जो वास येतो, तो प्लास्टिकमधून उडणाऱ्या रसायनांचा. ही रसायनं प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर येतात. म्हणून जुनी नळी कडक होते आणि तडकते. जे बाहेर आलं, त्यातलं काही हवेत गेलं आणि काही पाण्यात गेलं. यातली काही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर मर्यादा घातलेली आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. बाळ जे खेळणं तोंडात घालतं त्याची तपासणी होते. मग त्याच बाळाचं पाणी ज्या नळीतून येतं, तिच्याकडे आपणही थोडं बघायला हवं.

दुसरी गोष्ट शिशाची. पीव्हीसी उन्हाने, उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात काही टिकाऊ करणारे पदार्थ घालतात. पूर्वीपासून त्यासाठी शिशाचे क्षार वापरले जात, कारण ते स्वस्त. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये नियम काढले आणि पीव्हीसीच्या पाइपांतलं शिसं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. पण स्वस्तातली नळी कित्येकदा जुन्या प्लास्टिकच्या भंगारातून बनते. भंगारात काय काय वितळवलं, हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय नळीच्या टोकाला जो पितळी जोड असतो, त्यातही थोडं शिसं असतं. पितळ कातायला सोपं जावं म्हणून ते मिसळतात.

शिशाला वास नाही, चव नाही, रंग नाही. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको. हा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून आम्ही त्याचा हिशेब मांडून बघितला. दहा हजार लिटरचे दहा टँकर ओळीने उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त १ ग्रॅम शिसं, एवढीच मर्यादा. चिमूटभरसुद्धा नाही. इतकी कडक मर्यादा का? कारण शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. मूल आजारी दिसत नाही, ताप येत नाही, पण शिकण्यात मागे पडतं, लक्ष लागत नाही, रक्त कमी होतं. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत जातं. आणि ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. म्हणजे ज्या घरात खायला कमी, त्या घरातल्या मुलाला जास्त धोका.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. तिथल्या इकॉलॉजी सेंटर या संस्थेने २०१२ साली दुकानातून आणलेल्या बागेच्या ९० नळ्या तपासल्या. त्यातल्या बऱ्याच नळ्यांच्या कुठल्या ना कुठल्या भागात शिसं सापडलं. एक नळी पाणी भरून उन्हात ठेवली, तर तिच्यातल्या पाण्यात तिथल्या मर्यादेच्या कितीतरी पट शिसं उतरलं होतं, आणि प्लास्टिकमधली रसायनंही उतरली होती. त्या देशात बागेच्या अनेक नळ्यांवर ‘यातलं पाणी पिऊ नका’ असं छापलेलं असतं. आणि पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी नळी विकत मिळते.

म्हणजे उद्यापासून नळी फेकून द्यायची का? मुळीच नाही. आधी हे समजून घेऊ की धोका कधी वाढतो. तीन गोष्टींनी वाढतो. ऊन, वेळ आणि नवेपणा.

नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात अंगणात पडलेली नळी हाताला चटका देते. आत राहिलेलं पाणी चहाच्या आधणासारखं तापतं. तापलेल्या पाण्यात प्लास्टिकमधली रसायनं जास्त उतरतात. पाणी जितका वेळ नळीत थांबलं, तितकं जास्त उतरलं. आणि नवी नळी असेल तर पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. उलट, नळ जोरात चालू आहे आणि पाणी नळीतून सरळ वाहतंय, तेव्हा त्याला काही घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून नळीतलं पहिलं पाणी आणि नंतरचं पाणी यांत मोठा फरक असतो.

मग पहिलं पाणी म्हणजे किती? हेही मोजता येतं. शंभर फूट लांब आणि अर्धा इंच व्यासाच्या नळीत साधारण ४ लिटर पाणी राहतं. पाऊण इंची असेल तर साडेआठ लिटर. एक इंची असेल तर १५ लिटर, म्हणजे जवळजवळ एक मोठी बादली. तेवढं पाणी आधी काढून घ्यायचं. आम्हाला ठाऊक आहे, जिथे पाणी मोजून मिळतं तिथे बादलीभर पाणी ओतून द्या असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. ओतून देऊच नका. ते पाणी लादी पुसायला, संडासला, कपड्यांच्या पहिल्या पाण्याला वापरा. फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यात ते नको. क्रम असा ठेवा, आधी वापरायची बादली, मग पिंप.

आता दुसऱ्या धोक्याकडे येऊ. खरं सांगायचं तर आपल्या गावांसाठी हा पहिला धोका आहे, कारण याने माणूस चार दिवसांत आडवं होतं. तो म्हणजे जंतू.

नळीचं टोक कुठे असतं ते बघा. जमिनीवर, चिखलात, गोठ्याच्या कडेला, मोरीत. त्यावरून कोंबडी जाते, कुत्रं जातं, शेळी जाते. पाणी आलं की तेच टोक उचलून आपण पिंपात सोडतो. आत बोट घालून बघितलं तर बुळबुळीत लागतं. पारदर्शक नळी उन्हात राहिली तर आत हिरवं शेवाळ धरतं. तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्ती. वरून पाणी वाहिलं तरी तो थर निघत नाही. नळाच्या पाण्यात जे क्लोरीन असतं, ते या थराशी झुंजण्यात खर्च होतं आणि पिंपात पोहोचेपर्यंत उरत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट उलट्या ओढीची. पेट्रोलच्या टाकीतून नळी टाकून, तोंडाने एकदा ओढून पेट्रोल काढताना आपण सगळ्यांनी बघितलंय. एकदा ओढ लागली की ते आपोआप वाहत राहतं. पाण्याचंही तसंच. नळीचं टोक पिंपातल्या पाण्यात बुडालेलं आहे आणि तेवढ्यात गावचं पाणी बंद झालं, तर मुख्य पाइपात पोकळी तयार होते. मग पिंपातलं पाणी उलटं ओढलं जातं आणि गावाच्या पाइपात जातं. ते टोक जनावरांच्या हौदात असेल तर हौदातलं पाणी जातं. फवारणीच्या टाकीत असेल तर औषधाचं पाणी जातं. आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी घरात नळातून येतं.

कुणी नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. पुढच्या घराला पाणी मिळत नाही, एवढंच नुकसान नसतं. पाइपाला कुठे चीर असेल आणि तो गटाराच्या बाजूने जात असेल, तर मोटर त्या चिरेतून गटाराचं पाणीही ओढून घेते. मोटरवरून होणारी भांडणं आपण पाण्याच्या वाटणीची भांडणं समजतो. ती आजाराचीही भांडणं आहेत.

अशा पाण्यातून हगवण येते, गॅस्ट्रो होतो, कॉलरा होतो, कावीळ होते. त्यातली ई प्रकारची कावीळ गरोदर बाईसाठी फार वाईट. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात. म्हणून ज्या घरात कुणी गरोदर आहे, त्या घरात तरी नळीकडे नीट बघा.

उपाय अगदी साधा आहे. नळीचं टोक पाण्यात बुडू द्यायचं नाही. पिंपाच्या काठाला ते वीतभर उंच बांधायचं, पाणी वरून पडू द्यायचं. मध्ये हवा राहिली की उलटी ओढ लागतच नाही. याला एक दोरीचा तुकडा किंवा जुन्या साडीची पट्टी पुरते.

तिसरी गोष्ट शेतातली. आपला जिल्हा द्राक्षांचा. निफाड, दिंडोरी, चांदवडला एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पेठ-सुरगाण्याकडून बायका-पुरुषांच्या टोळ्या कामाला येतात. बागेत तहान लागली की पाणी कुठलं प्यायचं? जवळ जी नळी दिसेल तिचं. कधी ठिबकची उपनळी वर करून, कधी फवारणीच्या नळीतून. मैत्रिणींनो, हे पाणी पिऊ नका, आणि कुणाला पिऊ देऊ नका. ठिबकमधून विद्राव्य खतं सोडतात. फवारणीच्या नळीत औषध मुरलेलं असतं, कितीही धुतली तरी ती पिण्याच्या कामाची होत नाही. मोरचूद-चुन्याचा डाग आपल्याला दिसतो, बाकीच्या औषधांचा दिसतही नाही.

मुकादमाशी मजुरी ठरवताना पिण्याच्या पाण्याचंही ठरवा. झाकणाचा जार, वेगळा ग्लास किंवा ओगराळं, आणि ते सावलीत. ज्यांच्या स्वतःच्या बागा आहेत त्या बहिणींनाही आमची विनंती आहे. तुमच्या बागेत येणारी बाई तुमच्या भरवशावर उन्हात उभी असते. तिचं पाणी तुमच्या घरातल्या माठासारखंच असू द्या.

आणखी एक बघायचं. विहिरीवरच्या मोटरला खत सोडायची व्हेंचुरी जोडलेली असते. मध्येच लाइट गेली की मोटर बंद पडते आणि पाइपातलं खताचं पाणी उताराने परत विहिरीत येतं. त्याच विहिरीचं पाणी आपण पीत असलो तर? म्हणून मोटरच्या पुढे एकतर्फी झडप, जिला फिटर एनआरव्ही म्हणतो, ती बसवलेली आहे का हे घरातल्या माणसांना विचारा. आणि फवारणीची टाकी भरताना नळी विहिरीत किंवा हौदात सोडून ठेवायची नाही. टाकीत पाणी बादलीने घ्या, औषध त्यानंतर घाला.

ड्रमचंही सांगून टाकतो. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्तात मिळतात. त्यात आधी काय होतं हे विचारा. कारखान्याचं रसायन असेल तर तो ड्रम गोठ्याला, बागेला वापरा. प्यायच्या पाण्याला घेऊ नका. धुतल्याने वास जातो, पण प्लास्टिकमध्ये मुरलेलं जात नाही.

आता बायका विचारतात, आम्ही पाणी उकळतो, टीसीएल टाकतो, मग काय भीती? इथे नीट लक्ष द्या. उकळल्याने जंतू मरतात. टीसीएलनेही बहुतेक जंतू मरतात. हे करत राहा, सोडू नका. पण शिसं उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि तितक्याच शिशाचं प्रमाण थोडं वाढतं. खत आणि फवारणीचं औषध टीसीएलने जात नाही. तुरटीने गाळ बसतो, औषध जात नाही. म्हणून जंतूंसाठी उकळणं आणि टीसीएल, आणि रसायनांसाठी चांगली नळी. एकाचं काम दुसरं करत नाही.

मग चांगली नळी कोणती? जिथे पाइप कायमचा टाकायचा, म्हणजे नळापासून टाकीपर्यंत, तिथे पिण्याच्या पाण्याचा मानक असलेला पाइप टाका. काळ्या रंगाचा, निळ्या रेघा असलेला एचडीपीई पाइप असतो, त्यावर आयएसआय मार्क आणि ४९८४ हा नंबर छापलेला असतो. कडक पीव्हीसीच्या पाइपावर ४९८५ हा नंबर असतो. काळा पाइप दिसला की तो पिण्याचाच, असं समजू नका. तुषार सिंचनाच्या पाइपावर १४१५१ नंबर असतो, तो शेतीचा. पाइपावर पुसट अक्षरात हे सगळं लिहिलेलं असतं. मुलीला वाचायला सांगा, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा.

जिथे वाकणारी नळीच लागते, तिथे दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘फूड ग्रेड आहे का?’ दूध डेअरीत दुधासाठी ज्या नळ्या वापरतात, त्या अशा असतात. नळीवर तसं छापलेलं हवं, आणि बिलावर लिहून मागा. ‘ताई, सगळ्या नळ्या सारख्याच’ असं तो म्हणाला तर दुसरं दुकान बघा. ज्या नळीला उग्र वास येतो, जी हाताला चिकट लागते, जिचा रंग हाताला लागतो, ती पिण्याच्या पाण्याला घेऊ नका. पितळी जोडाऐवजी प्लास्टिकचा किंवा स्टीलचा जोड मागा.

अशी नळी साध्या नळीपेक्षा महाग पडते, हे खरं. इथे गटाचं काम येतं. शंभर फूट नळी प्रत्येक घराला कशाला? दोन-तीन घरांत मिळून एक लांब नळी घेता येते. आखूड नळी घेतली तर खर्चही कमी आणि आत थांबणारं पाणीही कमी. नळाजवळ हंडे भरून नेता येत असतील तर पिण्यापुरतं पाणी हंड्याने न्या, बाकी नळीने. पिण्याला आणि स्वयंपाकाला लागणारं पाणी थोडंच असतं. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. त्यातलं पोटात जाणारं किती? चार-पाच लिटर. तेवढं जपलं तरी खूप झालं.

नळी कशी सांभाळायची ते आता सांगतो. घरी लिहून घ्या.

पिण्याच्या नळीला लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातल्या कुणीही ती गोठ्यात नेणार नाही. पाणी भरून झालं की नळी उंच धरून पूर्ण रिकामी करा. गुंडाळून सावलीत खुंटीला टांगा, जमिनीवर ठेवू नका. दोन्ही टोकांना स्वच्छ फडकं किंवा प्लास्टिकचं झाकण बांधा. नवी नळी आणली की आधी दोन-चार दिवस ती वापराच्या पाण्याला लावा, मग पिण्याच्या.

महिन्यातून एकदा नळी धुवा. २० लिटरच्या बादलीत एक सपाट छोटा चमचा, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, टीसीएल पावडर टाका. ढवळा, गाळ बसू द्या. वरचं निवळ पाणी नळीत भरा, दोन्ही टोकं वर बांधून अर्धा तास ठेवा. मग ते ओतून द्या आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. हे पाणी प्यायचं नाही, मुलांना हात लावू द्यायचा नाही. पावडर जुनी किंवा ओलसर झालेली नको, तिची ताकद गेलेली असते. लक्षात ठेवा, हे प्रमाण नळी धुण्याचं आहे. पिण्याच्या पाण्यात टाकायचं प्रमाण फार कमी असतं, ते १००० लिटरला ५ ग्रॅम, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

नळी कडक झाली, तडे गेले, आत काळी-हिरवी झाली, की ती झाडांना द्या. तिचं पिण्याचं काम संपलं.

आता गावपातळीवर काय करायचं? जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे. त्यासाठी तपासणीचा संच असतो. तुमच्या गावात या पाच जणी कोण आहेत ते विचारा. नसतील तर तुम्ही व्हा. संचात एक छोटी बाटली असते, जंतू तपासायची. पाणी भरून उबदार जागी ठेवली आणि एक-दोन दिवसांत काळी झाली, तर पाणी दूषित.

या बाटलीने एक प्रयोग करून बघा. एका बाटलीत नळाच्या तोटीचं पाणी घ्या. दुसऱ्या बाटलीत त्याच वेळी, त्याच नळाचं पण नळीतून आलेलं पाणी घ्या. पहिली काळी झाली नाही आणि दुसरी काळी झाली, तर दोष नळीचा आहे. दोन्ही काळ्या झाल्या, तर दोष टाकीत किंवा पाइपात आहे, मग ग्रामपंचायतीत जा. असंच जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. तोटीच्या पाण्याला पिवळा रंग आला आणि नळीच्या पाण्याला आला नाही, तर क्लोरीन नळीतच संपलं. हे सगळ्यांसमोर केलं तर कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

शिसं आणि फवारणीची औषधं मात्र या संचात कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवता येतो, त्यासाठी ठराव मागा.

ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा. पहिली, टँकरच्या नळीचं टोक जमिनीवर पडू नये म्हणून टाकीजवळ किंवा विहिरीजवळ आकडा किंवा स्टँड हवा. त्याला थोडंसं लोखंड आणि वेल्डिंगवाल्याचा एक तास लागतो. दुसरी, नळाला थेट मोटर लावायला बंदी, आणि ती सगळ्यांना सारखी, सरपंचांच्या भावकीलाही. तिसरी, गावाला मिळणारं कार्ड. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कोणतं मिळालं हे ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना विचारा. पाहणी होईल तेव्हा नळ्या आणि टँकरचं टोकही दाखवा.

शेवटी एक सांगायचं. आजवर नळीचं पाणी प्यायलो, आता काय होणार, अशी धास्ती कुणी घेऊ नका. पाणी कमी पिणं हा त्याहून मोठा धोका आहे, विशेषतः उन्हाळ्यात आणि गरोदरपणात. भरपूर प्या, मुलांना द्या. डाळ, पालेभाजी, नाचणी, दूध, जमेल ते खायला द्या, लोह आणि कॅल्शियम मिळालं की शरीर शिशाला जागा कमी देतं. कुणाला सतत पोटदुखी, अशक्तपणा असेल तर आशाताईला सांगा, दवाखान्यात जा.

या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की पाच मिनिटं नळीवर बोला. कुणाच्या घरी कोणती नळी आहे, ते वहीत लिहा. ज्या घरात सहा वर्षांखालचं मूल आहे किंवा गरोदर बाई आहे, त्या घरची नळी आधी बदलायची, असा ठराव करा. गटातून त्या घराला पैसे द्यायचे की उसने द्यायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि घरी गेल्यावर आजच नळी उचला, रिकामी करा आणि सावलीत टांगा. याला एक पैसाही लागत नाही.